बाटली, मोजा आणि मतलई वारा

घरात एकटे पडलेले मोजे असतील तर फेकू नका, मला द्या. म्हणजे ज्यांचा जोडीदार वॉशिंग मशीनने कायमचा गिळलाय, तसले. गेल्या दोन वर्षांत मी हापिसातल्या निम्म्या लोकांकडून असे मोजे गोळा केलेत. आमच्या एचआरच्या बाईंचं त्यावरून माझ्याबद्दल काय मत झालंय ते विचारायची हिंमत अजून झालेली नाही. हे सगळे मोजे सध्या मुंबई बंदरात उभ्या असलेल्या एका चौतीस फुटी शिडाच्या बोटीत आहेत आणि ते बाटल्यांनी घातलेत. लोणच्याच्या, मधाच्या, व्हिनेगरच्या आणि (उगाच खोटं कशाला बोला) रमच्या.

बोट माझी नाही. आयटीतल्या पगारातून घराचा हप्ता गेला की बोटीचा एखादा दोर परवडेल, तोही सेकंडहँड. बोट आहे माझ्या मित्राच्या काकांची. काका मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. तीस वर्षं जहाजांच्या तळाशी, इंजिनांच्या गोंगाटात काढल्यावर त्यांना म्हणे आवाज न करणारी बोट हवी होती, म्हणून रिटायर झाल्यावर ही जुनी शिडाची घेतली. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर चढवून ठेवतात. ऑक्टोबर ते मे दर विकांताला काका, मित्र आणि मी. सगळ्यात नवा मी, म्हणून स्वयंपाकघर खातं माझ्याकडे. बोटीवर त्याला गॅली म्हणतात. आपल्या मुंबईच्या किचनपेक्षा ती जेमतेम थोडी लहान असते, आणि हलते.

या हलण्याबद्दलच लिहायचंय.

जमिनीवर बाटली फुटते ती हातातून पडून. बोटीत ती पडत नाही, घसरते. वाऱ्याने बोट वीस अंश कलली की कप्प्यातली बाटली उतारावर उभी असते. तिच्यात आणि कप्प्याच्या भिंतीत एक सेंटिमीटर जागा असेल तर ती तेवढीच सरकून टेकते. दहा सेंटिमीटर असेल तर तोच उतार तिला दहापट लांब ढकलत नेतो आणि बारावीचं फिजिक्स आठवत असेल तर धडकेतली ऊर्जा दहापट होते. (घर्षण सोडून द्या. परीक्षेतही आपण तेच करायचो.) म्हणजे बाटली फोडते ती लाट नव्हे, बाटलीच्या शेजारची मोकळी जागा.

आणि हे एकदाच होत नाही. एका डोलण्याला चार सेकंद धरा. तासाला झाली ९०० डोलणी, दिवसाला २१,६००. आमच्या टेस्टिंग टीमला इतके रन मिळाले तर आनंदाने रडतील. या हिशोबात काच बिचारी उगाच बदनाम आहे. ती फुटली तर फुटते, निदान लगेच कळतं. ॲल्युमिनियमच्या कॅनची भिंत असते साधारण ०.१ मिलिमीटर. शेजारच्या कॅनवर किंवा एखाद्या स्क्रूच्या डोक्यावर ती रात्रभर घासत राहिली की बारीक भोक पडतं, आणि सकाळी कप्प्यात हलके, रिकामे, गोड वासाचे कॅन मिळतात. पाण्याच्या पातळ प्लॅस्टिकच्या बाटल्यांचंही लांबच्या सफरीत असंच होतं. आवाज नाही, काचा नाहीत, फक्त पाणी गेलेलं.

पहिल्याच विकांताला मी मोठ्या उत्साहाने बबल रॅप घेऊन गेलो होतो. काकांनी तो दोन बोटांत धरून एक फुगा फोडला आणि म्हणाले, "अरे, बाटलीला मऊ नको ठेवूस. घट्ट ठेव." गादीवर ठेवलेली पण हलू शकणारी बाटली उशिरा फुटते, एवढंच. घट्ट बसलेली फुटत नाही. मग मोजा कशाला? तर काचेला काच लागू नये म्हणून, उरलेली फट भरावी म्हणून, आणि एवढं करूनही फुटलीच तर काचा मोज्यातच राहाव्यात म्हणून. बोटीवर आपण बहुतेक वेळ अनवाणी असतो, अंधारात असतो आणि टाके घालणारा डॉक्टर पंचवीस मैलांवर असतो.

वर्तमानपत्रात गुंडाळणं हा आपला राष्ट्रीय उपाय इथे चालत नाही. कागद भिजतो, त्याचा लगदा होतो आणि लगदा बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या सगळ्यात खालच्या खळग्यात, जाऊन पंपाच्या तोंडाशी बसतो. बोटीत पाणी शिरत असताना पंप कशाने तुंबला, तर टोमॅटो केचपच्या लेबलाने! म्हणून बाटल्या-डब्यांची कागदी लेबलं किनाऱ्यावरच सोलायची आणि नाव मार्करने लिहायचं. तेही झाकणावर, कारण कप्प्यात आपण वरून बघतो. पुठ्ठ्याची खोकीही जेट्टीवरच सोडायची. पुठ्ठ्याच्या घड्यांतून झुरळांची अंडी येतात, आणि चौतीस फुटांत झुरळाला घराबाहेर काढणार कुठे?

ही मोकळ्या जागेची भानगड माणसाला फार जुन्या काळापासून कळलेली आहे. आमच्या बोटीवरून समोर घारापुरी दिसतं. तिथे रोमन अँफोरांचे, म्हणजे दारू आणि तेल आणायच्या मातीच्या उंच कुंभांचे तुकडे सापडलेत. त्या कुंभांना बूड सपाट नसतं, टोकदार असतं. जमिनीवर ते धड उभे राहत नाहीत, पण जहाजात वरच्या थराची टोकं खालच्या थराच्या खांद्यांमधल्या फटींत बसतात. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ १९९८मध्ये नवव्या शतकातलं एक अरबी बांधणीचं जहाज सापडलं, फळ्या दोरीने शिवलेलं. त्यात चिनी मातीची जवळजवळ साठ हजार भांडी होती आणि त्यातले कितीतरी वाडगे मोठ्या रांजणांच्या आत एकात एक रचून भरलेले होते. अकराशे-बाराशे वर्षं समुद्राच्या तळाशी राहून त्यातले बरेच धड निघाले. आपल्याकडे हापूसच्या पेटीतला भाताचा पेंढा याच घराण्यातला. पेटी हलवून बघा, आंबा जागचा हलत नाही.

काकांकडे या सगळ्याचं पाठांतर आहे, आणि सुकाणू माझ्या हातात देऊन ते शेजारी बसले की एकेक बाहेर येतं. जड सामान खाली आणि बोटीच्या मधोमध. लोखंडी डबे होकायंत्राजवळ नाहीत, नाहीतर तो गोव्याऐवजी मस्कत दाखवेल. बाटली आडवी ठेवायची वेळ आलीच तर बोटीच्या लांबीला आडवी, म्हणजे डोलताना ती लोळत नाही. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एका कप्प्यात नाही. दोन्ही सांडून एकत्र आली तर क्लोरिन वायू होतो, आणि केबिनला दार एकच असतं. तेल काचेत तर नाहीच, पिशवीतही नाही. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, आणि ती बाटली एका डब्यात. सांडलेल्या पाण्यावर माणूस घसरतो, पण सांडलेल्या तेलावर तिरक्या बोटीत उभाच राहू शकत नाही.

एक उलटा नियम पण आहे. बाटलीच्या बाहेर जागा सोडायची नाही, पण डिझेलच्या कॅनमध्ये आत सोडायची. काठोकाठ भरलेला कॅन डेकवर उन्हात तापला की फुगतो आणि झाकणातून डिझेल बाहेर येतं.

पाण्याबद्दल बोलताना काकांच्या तोंडी हमखास एक बोट येते, 'सुहैली'. बत्तीस फुटांची सागवानी बोट, १९६०च्या दशकात आपल्या मुंबईत बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश मर्चंट नेव्हीतला अधिकारी ती घेऊन १४ जून १९६८ला इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ला तिथेच परत आला. ३१२ दिवस, एकटा, कुठेही न थांबता. असं करणारा तो पहिला माणूस. त्याच्या टाक्यांतलं पिण्याचं पाणी दक्षिणेच्या वादळात खराब झालं आणि पुढे तो शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी गोळा करत गेला. बॅटरीचं ॲसिड डोळ्यात उडालं ते वेगळंच. "मुंबईची बोट होती म्हणून टिकली," असा काकांचा निष्कर्ष. माझा जरा वेगळा. आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. म्हणून आमच्या बोटीवर पाणी टाकीत असतंच, शिवाय पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये, वेगवेगळ्या कप्प्यांत. एक गेला तर एकच जातो.

आणि हे सगळं कुठे आहे ते एका वहीत. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. कप्प्याचा नंबर, वस्तू, किती. एखाद्या डेटाबेसपेक्षा ती वही जास्त नेमकी असते, कारण तिचं खरं व्यवस्थापन काकू करतात. काकू बोटीवर पाय ठेवत नाहीत. एकदा मांडव्यापर्यंत आल्या होत्या, तेवढं पुरलं. पण प्रत्येक सफरीनंतर वही घरी जाते, काकू ती बघून वाण्याची यादी करतात आणि सामान भरून देतात. काकांचा कायदा असा, की वहीत नाही ते बोटीवर नाही.

गेल्या जानेवारीत आम्ही गोव्याला निघालो. साधारण सव्वादोनशे ते अडीचशे सागरी मैल, पाच नॉटने दोन दिवस आणि दोन रात्री. आधल्या संध्याकाळी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हातात एक डबा दिला. काकांना दहा वर्षं मधुमेह आहे, त्यातली चार इन्शुलिनवर.

"हे बघ, बरण्या फुटल्या, तेल सांडलं, मला काही नाही," काकू म्हणाल्या. "पण यांचं हे औषध तुझ्या ताब्यात. यांच्या नको."

इन्शुलिनची कुपी म्हणजे अंगठ्याएवढी काच. न उघडलेली २ ते ८ अंशांत ठेवायची, पण बर्फाला टेकवायची नाही, कारण गोठलेलं इन्शुलिन वाया जातं. बहुतेक प्रकारांत उघडलेली कुपी ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. मी एक न उघडलेली कुपी लहान मुलाच्या मोज्यात घालून (हो, तेही जमवलेत) रुंद तोंडाच्या स्टीलच्या थर्मासमध्ये ठेवली, खाली थंड पाण्याची पिशवी आणि मध्ये फडक्याची घडी. चालू कुपी चार्ट टेबलच्या खणात, कापूस भरलेल्या चष्म्याच्या घरात. तिसरी बोट सोडायची वेळ आली तर उचलायच्या पिशवीत. तीन कुप्या, तीन जागा, वहीत तीन ओळी.

कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात एक गंमत असते. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवतंय? दोन मार्कांची टीप. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे वाहतात ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे ते मतलई. गोव्याकडे जाताना दुपारचा वारा वायव्येकडून, मागून उजवीकडून येतो. बोट डावीकडे कलते. रात्री तो पडतो, तास-दोन तास सगळं ठप्प, आणि मग पूर्वेकडून मतलई सुटतो. त्याला लाकडाच्या धुराचा आणि वाळलेल्या गवताचा वास असतो. आता बोट उजवीकडे कलते. म्हणजे दिवसभर डाव्या भिंतीला टेकून गपचूप बसलेली प्रत्येक वस्तू आता उजव्या भिंतीकडे निघते. दिवसा घट्ट वाटलेली बाटली खरंच घट्ट होती की नाही, ते रात्री कळतं.

रात्री अडीच-तीनची वेळ. डावीकडे जयगडचा दीप. मित्र पुढच्या केबिनमध्ये घोरत होता, काका सुकाणूवर, मी चहा टाकायला खाली. मतलई नुकताच सुटलेला.

टिक.

मग काही नाही. चार सेकंदांनी पुन्हा. टिक.

काचेचा आवाज होता, लाकडावर. मी डोक्याला टॉर्च लावला आणि एकेक कप्पा उघडायला लागलो. लोणचं जागेवर. मध जागेवर. रम तर एखाद्या बाळासारखी गुंडाळलेली. कुप्या तिन्ही ठीक. टिक.

"काय शोधतोयस?" वरून काका.

"आवाज येतोय. काच आहे."

"असू दे रे. सकाळी बघू."

मी थबकलो. हा तो माणूस, जो कपात राहिलेल्या चमच्याच्या किणकिणाटाने झोपेतून उठून तो चमचा काढून ठेवतो. इंजिनिअरचा कान. त्यांना तो आवाज माझ्या आधी ऐकू आला होता, यात मला शंका नाही.

बाटली सापडली ती चार्ट टेबलवरच्या फळीत, भरती-ओहोटीच्या तक्त्यांच्या मागे. सुकाणूवरून हात लांब केला तर पोचेल अशी. जॅमची छोटी काचेची बाटली. मोजा नाही, झाकणावर नाव नाही. आत लिमलेटच्या गोळ्या आणि ग्लुकोजच्या पावडरची पुरचुंडी.

मी ती घेऊन वर गेलो. बाटली हातात धरून त्यांच्या शेजारी बसलो. काका होकायंत्राकडे बघत होते.

"साखर उतरते कधीकधी," शेवटी ते म्हणाले. "घाम फुटतो, हात थरथरतात. दोन गोळ्या चघळल्या की पंधरा मिनिटांत ठीक."

"कितीदा झालंय?"

"दिवाळीनंतर दोनदा."

"कुठे?"

"एकदा घरी. एकदा इथेच, मुअरिंगला. एकटा होतो." मग जरा थांबून, "तिला नाही माहीत. तिला कळलं तर ती बोट विकायला लावेल."

हे खरं होतं. मीही काकूंच्या जागी असतो तर तेच केलं असतं. आणि दुसरीकडे, काकांना बोटीशिवाय मी कधी पाहिलेलंच नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर बोलणारे काका ही कल्पनाच मला करवत नव्हती. पण समोर काळोख होता, कोळ्यांच्या जाळ्यांचे दिवे मधूनच लुकलुकत होते, आणि बोट ज्या माणसाच्या हातात, त्याचा हात थरथरला तर दुसऱ्या दोघांना झोपेत काय कळणार होतं?

काकूंना फोन करेन असं मी म्हणालो नाही. आमच्यात ते बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, "काका, ही बाटली वहीत नाहीये."

त्यांना त्याचा अर्थ बरोबर कळला. वही कोण वाचतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

"सकाळी लिहितो."

"आत्ता लिहा. मी धरतो सुकाणू."

त्यांच्याशी या सुरात मी कधी बोललो नव्हतो. ते माझ्याकडे बघत राहिले, चांगली पाच-सहा डोलणी. मग उठले आणि खाली गेले. केबिनमधला लाल दिवा लागला. बराच वेळ गेला, एका ओळीला लागतो त्यापेक्षा खूपच जास्त. वर आले ते चहाचे दोन कप घेऊन. "टाकला होतास ना, उकळून चाललाय," एवढंच बोलले. बाटली मी माझ्या पायातला मोजा काढून त्यात घातली आणि तक्त्यांच्या मागेच, पण पाचर मारून बसवली. पुढची रात्र आम्ही पहारे बदलले. काका सुकाणूवर असताना आमच्यातला एक जण जागा.

रविवारी सकाळी आग्वाद ओलांडून मांडवीत शिरलो. काकू कोकण रेल्वेने आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या. जेट्टीवर त्यांनी आधी थर्मास उघडून कुपी बघितली, मग परतीच्या सामानासाठी वही मागितली. मी लगेच पाइप घेऊन डेक धुवायला लागलो. इतका स्वच्छ डेक त्या बोटीने आजवर पाहिला नसेल.

"या लिमलेटच्या गोळ्या कोणासाठी?" काकूंनी विचारलं. काका काहीच बोलले नाहीत. काकूंनी वही मिटली, पर्समध्ये ठेवली आणि दोघं नदीच्या कडेने चालत गेले. तासाभराने आले तेव्हा दोघांचे डोळे लाल होते आणि काकूंच्या हातात पणजीच्या बाजारातली पिशवी होती.

बोट विकायची गोष्ट त्यांनी काढली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. मुंबईला आल्यावर डॉक्टरांनी इन्शुलिनचा डोस कमी केला. एकट्याने मुअरिंगला जायचं बंद, आणि तिघांपेक्षा कमी माणसं असतील तर बोट बंदराबाहेर काढायची नाही, हे काकूंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, खाली काकांची सही घेऊन.

पिशवीत होते चार प्लॅस्टिकचे डबे, घट्ट झाकणाचे. एक सुकाणूपाशी, एक चार्ट टेबलवर, एक पुढच्या केबिनमध्ये, एक होडीतल्या पिशवीत. वहीत चार ओळी, काकूंच्या अक्षरात. प्रत्येक झाकणावर मार्करने 'साखर' लिहिलंय आणि गोळ्या खडखडू नयेत म्हणून आत वरपर्यंत कापूस भरलाय.